डबल ऐकलं की पेन उचलायचं

पत्र :

"मॅडम, मी सांगलीत स्टाफ नर्स आहे, आठ वर्षं झाली. शिक्षण सगळं मराठी मीडियम, नर्सिंगपासून इंग्लिश. यूकेला जायचंय म्हणून आयईएलटीएस ही इंग्लिशची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा लिसनिंगला साडेसहावर अडकले. गंमत म्हणजे शेवटचं लेक्चर मला बऱ्यापैकी कळतं, पण पहिल्याच पार्टमध्ये फोन नंबर आला की माझे हातपाय गळतात. डबल काय, ओ काय, मी लिहीपर्यंत ते पुढे गेलेले असतात. घरी मॉक टेस्ट दिल्या, त्यातही तेच, एक आकडा कमीच भरतो. मिस्टर म्हणतात नंबर तर दुसरीतली पोरं पण लिहितात. माझे कानच खराब आहेत का? खाली माझा मोबाईल नंबर देतेय, जमलं तर फोन करा."

उत्तर :

अगं, ज्या बाईला चौथ्या पार्टमधलं लेक्चर कळतं तिचे कान ठणठणीत आहेत. मिस्टरांना सांग एकदा तुम्ही हेडफोन लावून बसा, एकदाच ऐकायला मिळेल, मग बोलू.

दुसरीतल्या पोरांचं बरोबरच आहे म्हणा, नंबर सोपाच असतो, पण त्याला अर्थ नसतो ना, तिथेच सगळा घोळ आहे. पेशंट म्हणाला "काल रात्रीपासून दुखतंय" आणि हात पोटावर ठेवला तर मधला शब्द ऐकू नाही आला तरी तुझं काही अडत नाही. वाक्यात एक शब्द सुटला तर आजूबाजूचे चार शब्द धावून येतात. नंबरमध्ये एक चार सुटला तर उरलेल्या दहा आकड्यांकडे बघून तिथे चार होता हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. म्हणून चांगलं इंग्लिश येणारी माणसंसुद्धा इथे आपटतात, आणि उलट लेक्चर त्यांना जमतं कारण तिथे अंदाज बांधता येतो.

मी पण यातून गेलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यात एका कॉल सेंटरला नाईट शिफ्ट करायचे, सगळे कॉल ब्रिटनचे. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी नंबर सांगता सांगता "ट्रेबल टू" म्हटलं. मी ऐकलं "ट्रबल". आणि अगदी काळजीच्या सुरात विचारलं, सर, काय त्रास होतोय? पलीकडे शांतता. मग त्यांनी बालवाडीतल्या मुलाला सांगतात तसं टू, टू, टू असं तीनदा सांगितलं आणि मागे उभी असलेली आमची टीम लीडर डेस्क धरून हसत होती. ट्रेबल म्हणजे ट्रिपलच गं, ब्रिटिश लोक म्हणतात तसं, पण हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तुझ्याबद्दल. पत्रावरून मला असं वाटतंय की तू नंबर ऐकतेस, मग मनात त्याचं मराठी करतेस आणि मग लिहितेस. बघ बरं असं होतं का. आपण घरी नंबर सांगताना जोड्या करून सांगतो, "अठ्ठ्याण्णव, बावीस, सत्तेचाळीस" वगैरे, आणि आपल्या मराठीत एकक आधी येतो. पंचवीसमध्ये पाच आधी, वीस नंतर. इंग्लिशमध्ये ट्वेंटी आधी, फाइव्ह नंतर. त्यामुळे "सेव्हंटी फोर" ऐकलं, मनात चौऱ्याहत्तर उमटलं, आणि चौऱ्याहत्तरचं "चौ" आधी आलं म्हणून हाताने चार आधी लिहिला, की झाले ४७. आणि एकोणऐंशी तर विचारूच नको, सेव्हंटी नाइनचं मराठी करायला गेलं की डोक्यात ऐंशी घुसतं आणि पेनातून आठ बाहेर येतो. यात तुझा काही दोष नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचायची पद्धत आली होती तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, टीव्हीवर चर्चा, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद. ते बरोबर होतं की चूक या भांडणात मी पडत नाही (मला स्वतःला त्रेसष्ट म्हणायला आवडतं) पण तो विचार मुळात निघाला तो याच घोळातून, ऐकायचं एका क्रमाने आणि लिहायचं दुसऱ्या.

तर पहिलं काम हे की नंबर ऐकताना मराठी बंद. हे नुसतं ठरवून होत नाही, त्याला सवय लागते. इंग्लिशमध्ये फोन नंबर बहुतेक वेळा एकेक आकडा सुटा सांगतात, त्यामुळे तिथे जोड्या करायची गरजच नाही, सेव्हन ऐकलं की ७ लिहायचा, तो सत्तर होणार की सदुसष्ट याच्याशी तुला देणंघेणं नाही. जोड्यांचा खरा त्रास घर नंबर आणि किमतीत येतो, आणि पहिल्या पार्टमध्ये तेही येतातच. तिथे टेन्सचा आकडा ऐकू आला की लगेच लिहून टाक, सेव्हंटी म्हटलं की ७ कागदावर, मग फोर आला की ४. पूर्ण ऐकून मग लिहू म्हणून थांबलीस की मराठी आलंच.

आता डबल. डबल हा शब्द आपल्यालाही नवीन नाही, रिक्षावाला पण "डबल नाइन" म्हणतो, पण आपल्याकडे तो सावकाश येतो आणि परीक्षेत तो पुढच्या आकड्याला चिकटून येतो. डबल एट हे "डब्लेट" असं ऐकू येतं. डबल ओ हे "डब्लो". डब्लो म्हणजे काय असा विचार करेपर्यंत तीन आकडे गेले! म्हणून डबल ऐकलं की पेन उचलायचं, म्हणजे काही लिहायचं नाही, पुढचा आकडा कानावर आला की तोच दोनदा, झटक्यात. माझे बरेच विद्यार्थी डबल ऐकल्याबरोबर आधीचाच आकडा परत लिहून मोकळे होतात, थ्री डबल सेव्हन म्हटलं की ३३७. पेन हवेत असलं की हे होत नाही.

आणि प्रत्येक जण डबल म्हणेलच असंही नाही. एकच माणूस एका नंबरात डबल सेव्हन म्हणेल आणि पुढे सेव्हन सेव्हन म्हणेल. ब्रिटनचा इमर्जन्सी नंबर ९९९ ते लोक नाइन नाइन नाइन असाच म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियात ०००, त्याचं नावच ट्रिपल झिरो. अमेरिकन माणूस सहसा डबलच्या भानगडीत पडत नाही, सरळ एकेक आकडा सांगतो. आपल्याकडे टोल फ्रीला वन एट डबल झिरो म्हणतात, तिकडे तेच वन एट हंड्रेड होतं. म्हणजे हंड्रेड ऐकलं की दोन शून्य, हेही डोक्यात ठेव, नंबराच्या मध्ये नाइन हंड्रेड आलं की ९०० लिहायचं, घाबरायचं नाही.

ओ चं दुखणं वेगळंच. आपल्याकडे ओ म्हणजे हाकेला दिलेलं उत्तर, त्यामुळे नंबराच्या मध्ये ओ आला की मेंदू त्याला आकडा समजतच नाही. त्यात तो आधीच्या आकड्यात विरघळतो, टू ओ चं "टुवो" होतं, थ्री ओ चं "थ्रियो", ब्रिटिश तोंडात फोर ओ चं "फोरो". पत्रात तू लिहिलंयस की मॉकमध्ये एक आकडा कमी भरतो, माझी पैज आहे की दर वेळी हरवणारा आकडा शून्यच असणार. मागच्या मॉकच्या उत्तरपत्रिका काढून बघ.

एक खोटा नंबर घेऊन दाखवते. ब्रिटनमध्ये सिनेमा नाटकात वापरायला म्हणून काही नंबर मुद्दाम राखून ठेवलेत, कुणाचेच नसतात ते, त्यातलाच एक घेते, ०७७०० ९००४६१. हा बोलताना "ओ डबल सेव्हन डबल ओ, नाइन डबल ओ, फोर सिक्स वन" असा येईल. आता हा मोठ्याने म्हण आणि स्वराकडे लक्ष दे. पहिल्या दोन गटांच्या शेवटी आवाज थोडा वर अधांतरी राहतो, म्हणजे अजून आहे, थांबा. शेवटच्या वनवर आवाज खाली येतो. हे इंग्लिश बोलणारे बहुतेक सगळे नकळत करतात, यादी सांगताना पण करतात, आणि तुला याचा फार उपयोग आहे कारण आवाज खाली आला म्हणजे नंबर संपला आणि आता पुढच्या प्रश्नाकडे डोळे न्यायचे. मधल्या पॉजमध्ये मागचा गट लिहून पूर्ण करायचा. म्हणजे पेन कायम एक दोन आकडे मागे चालणार आणि ते ठीक आहे, आकडा सुटेल या भीतीने पेन आवाजाच्या पुढे पळवायला जाऊ नकोस.

क्लासमध्ये काही जण गट पाठ करायला लावतात, अमुक देशात तीन तीन चार, तमुक देशात पाच सहा. मला ते फारसं पटत नाही. अमेरिका कॅनडात तीन तीन चार हे बरंच पक्कं आहे, ऑस्ट्रेलियन मोबाईल ०४ ने सुरू होतो आणि चार तीन तीन असा म्हणतात, ब्रिटिश मोबाईल ०७ ने. पण लंडनचा कोड ०२० आहे आणि कितीतरी लंडनवालेच तो ०२०७ असा तोडून सांगतात, मग काय करशील. ऐकताना तो माणूस जिथे श्वास घेईल तिथे गट. आकड्यांची संख्या मात्र माहीत असू दे, ब्रिटनचे नंबर बहुतेक अकरा आकडी, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचे दहा. लिहून झाल्यावर ०७ ने सुरू होणाऱ्या नंबरात दहाच भरले तर एक डबल किंवा एक ओ खाल्लास हे कळतं. पण परीक्षेतला नंबर सहा सात आकडी छोटा पण असू शकतो हं, त्यामुळे अकरा भरायलाच हवेत म्हणून मनाचा एक आकडा घुसडू नकोस, मी असं करणारे महाभाग बघितलेत.

आता सगळ्यात बेरकी भाग. नंबर सांगून झाला, तू खूश, आणि तेवढ्यात तो माणूस म्हणतो "नो, सॉरी" किंवा "ॲक्च्युअली" किंवा "दॅट्स माय ओल्ड नंबर". म्हणजे आधीचं सगळं पाण्यात. हे परीक्षेवाले मुद्दाम करतात. कधी आधी ऑफिसचा नंबर देतात आणि फॉर्मवर विचारलेला असतो मोबाईल. यासाठी दोनच गोष्टी. एक, रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी प्रश्न वाचायला वेळ देतात तेव्हा त्या रिकाम्या जागेच्या आधी नेमकं काय छापलंय ते बघून ठेव, मोबाईल आहे, वर्क आहे की नुसतं कॉन्टॅक्ट आहे. दुसरं, खोडायचं नाही. खोडरबर हातात घेतलास की दुरुस्ती कानावरून निघून जाते. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ आणि वर नवा आकडा, बस. बऱ्याचदा रिसेप्शनवाली तोच नंबर परत म्हणून दाखवते, ती तुझ्यासाठी फुकटातली दुसरी संधी असते, पण ती पण कधी चुकीचा म्हणते आणि समोरचा तिला सुधारतो, त्यामुळे त्यांचं दोघांचं एकमत होईपर्यंत पेन खाली ठेवायचं नाही.

आणि हे तर तू रोज करतेस ना गं! लॅबमधून फोनवर पेशंटचा रिपोर्ट सांगतात तेव्हा तू लिहून घेतेस, परत वाचून दाखवतेस, समोरचा हो म्हणाला की मग डॉक्टरांना कळवतेस. तिथे फिफ्टीन की फिफ्टी असा संशय आला तर "वन फाइव्ह?" असं विचारतेस. इथे विचारायची सोय नाही एवढाच फरक, म्हणून शेवटच्या न कडे कान ठेवायचा, फिफ्टीनच्या शेवटी न येतो. जोर कुठे पडतो यावर विसंबू नकोस, फिफ्टीन मिनिट्स म्हणताना जोर सुरुवातीच्या "फिफ"वर सरकतो आणि आपण फसतो.

उच्चारांचं थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियन माणसाचा एट आपल्याला "आइट" ऐकू येतो आणि नाइनचा "नॉइन" होतो. न्यूझीलंडवाल्याचा सिक्स "सक्स"कडे झुकतो. फाइव्ह आणि नाइन तर कुणाचेही सारखेच वाटतात, इतके की विमानाच्या रेडिओवर गोंधळ नको म्हणून नाइनला "नायनर" आणि फाइव्हला "फाइफ" म्हणायचा नियमच आहे. पायलट लोकांना जे जड जातं ते तुला जड गेलं तर रडायचं कशाला.

प्रॅक्टिस कशी करायची ते आता. ऑडिओ स्लो करून ऐकू नकोस, त्याने डब्लो चं परत डबल ओ होतं आणि तुला नेमकं डब्लोच ऐकायची सवय हवीय. ओरिजिनल स्पीड, एकदाच. दुसरं, बोलायची प्रॅक्टिस कर. जो आकडा तोंडातून तसा निघत नाही तो कानालाही ओळखीचा वाटत नाही. ड्युटीला जाता येता बसच्या खिडकीतून पुढच्या गाड्यांच्या नंबर प्लेट दिसतात, एमएच १० तर आहेच, पुढचे चार आकडे इंग्लिशमध्ये पटकन म्हणायचे, ४४०७ दिसला की डबल फोर ओ सेव्हन, मनात नाही, ओठ हलवून. लोक बघतील, बघू देत. मिरज स्टेशनवर कधी गेलीस तर अनाउन्समेंट ऐक, तोच नंबर तीन भाषांत सांगतात, महालक्ष्मी एक्सप्रेसचा १७४११ इंग्लिशमध्ये आला की हातावर बोटाने लिही, लगेच मराठीत तपासायला मिळतो. असं फुकटचं उत्तरपत्रिकेसकट टेस्ट पेपर दुसरीकडे कुठे मिळणार.

घरी मिस्टरांना कामाला लाव. त्यांनी मनाने वीस नंबर बनवायचे, डबल आणि ओ ठासून भरलेले, मधे दोन तीनदा "नो सॉरी" म्हणायचं, आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवायचं. समोर बसून सांगायचं नाही कारण तुझा चेहरा पडला की ते आपोआप हळू बोलतील. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात रोज चिडशील, चिड. दुसऱ्यात डबल सुटणार नाही, ओ सुटेल. साधारण तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप चालायला लागतो, मी बघितलंय. आणि परीक्षेतही एखादा आकडा सुटलाच तर तिथे छोटी रेघ ओढून पुढे जायचं. एका आकड्यामागे धावता धावता पुढचा पत्ता आणि तारीख दोन्ही घालवलेली मुलं मी दर बॅचला बघते. एक मार्क गेला तर एकच जाऊ दे.

मार्कांचा हिशोब पण करू. नर्सिंगसाठी यूकेच्या एनएमसीला, म्हणजे तिकडे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, लिसनिंगमध्ये ७ लागतो, आणि ७ म्हणजे ४० पैकी साधारण ३० बरोबर. साडेसहा म्हणजे तू फार तर तीन चार मार्कांनीच अडकलीयस, आणि ते मार्क लेक्चरमध्ये नाहीत, पहिल्या पार्टमध्ये रस्त्यावर पडलेत. कुणी म्हणेल ओईटी ही इंग्लिशची दुसरी परीक्षा दे, तीही चालते आणि ती सगळी मेडिकलचीच असते, तुला कदाचित आवडेल पण. पण नुसत्या फोन नंबराला घाबरून परीक्षा बदलू नकोस, उद्या तिकडच्या वॉर्डमध्ये पेशंटचा नातेवाईक फोनवर नंबर सांगणारच आहे, आणि तो डब्लोच म्हणणार आहे. कॉम्प्युटरवर देणार असशील तर मात्र घरी टाईप करूनच प्रॅक्टिस कर, पेनाची सवय तिथे कामाची नाही, शिवाय कागदावरची परीक्षा असेल तिथे उत्तरं उतरवायला दहा मिनिटं मिळतात, कॉम्प्युटरवर तपासायला फक्त दोन.

फोन मी करणार होते गं. पण तू पत्राखाली जो नंबर दिलायस त्यात आकडे नऊच आहेत, मी दोनदा मोजले. बहुतेक कुठलातरी शून्य खाल्लायस. पूर्ण नंबर परत पाठव, तोवर हे इथेच वाच.